बोटींची जुनी वाट

बेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नारळाची झाडं येतात. आमच्या बेटावर नारळ एकही नव्हता. होती ती वाळू. किनाऱ्याला समांतर, लांबच लांब पसरलेली, आणि मधे कमरेपाशी एवढी अरुंद की एका पाण्याकाठी उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या पाण्याकाठी ऐकू जावी. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. समुद्राने स्वतःच वाळू आणून घातलेला बांध म्हणा. समोरून येणारा सगळा मार हे बेट खातं, आणि त्याच्या पाठीमागे खाडीचं पाणी परातीतल्या पाण्यासारखं पडून राहतं.

दुबईजवळच्या या खाडीत मी कंपनीची लाँच चालवली. पाटणकरसाहेब म्हणाले, मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ते सगळं लिहून द्या. मी म्हटलं, साहेब, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. ते म्हणाले, "आठवीपर्यंत मराठीच शिकवतात ना? मग झालं तर." आता चुका निघाल्या तर त्या त्यांच्या नावावर घाला.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लाँच चालवणं म्हणजे हँडल फिरवणं नव्हे. ते कोणीही करील. खाडीत पाणी कुठे आहे आणि कुठे नुसतं दिसतंय, हे ओळखायचं. हिरवं काळसर दिसलं तर खोल, ताकासारखं पांढुरकं दिसलं तर खाली वाळू. ही वाळू एका जागी बसत नाही. जरा मोठा वारा झाला की कालची वाट आज बंद. म्हणून मी खजुराच्या झावळ्यांचे दांडे रोवून वाट आखून ठेवायचो आणि पुन्हा पुन्हा उपटून नव्याने रोवायचो. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाणी येतं पण आळसात. माझं गाव मालवणच्या बाजूचं, तेही खाडी आणि समुद्राच्या मधल्या वाळूच्या पट्टीवरच वसलेलं. त्यामुळे हे शिकायला मला कोणाकडे जावं लागलं नाही. बाकी सगळं शिकावं लागलं.

मंदीच्या आधी बेटावर नुसती जत्रा होती. कंपनी व्हिला बांधणार होती. कामगारांची छावणी, मेस, काँक्रीटचं मशीन, सगळं माझ्या आणि दुसऱ्या दोन लाँचींवरून जायचं-यायचं. दर आठवड्याला सेल्सवाले गिऱ्हाईक घेऊन यायचे. मुली उंच टाचांचे बूट घालून वाळूत उतरायच्या आणि दोन पावलांत बूट हातात घ्यायच्या. एक गिऱ्हाईक मला आठवतं. नकाशा उलटा-सुलटा करून त्याने विचारलं, माझ्या व्हिलातून सूर्योदयही दिसायला हवा आणि सूर्यास्तही, तर बेट थोडं वळवता येईल का? सेल्सचा मुलगा म्हणाला, "इन्शाल्ला, सर." मी तोंड फिरवून इंजिनाकडे बघत राहिलो.

पाटणकरसाहेबही असेच गिऱ्हाईक म्हणून आले. राहणार अल कुसैसला, नोकरी मालवाहतुकीच्या ऑफिसात. त्यांनी समुद्राच्या अंगाचा एक प्लॉट घेतला. प्लॉट म्हणजे वाळूत चार खुंट्या. वहिनींनी पहिल्याच खेपेला चटई अंथरली आणि जाहीर केलं, "हे माझं किचन. ओटा इकडे, खिडकी समुद्राकडे." त्यांचा मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे बघून म्हणाले, "मम्मा, देअर इज नो रूफ." वहिनी म्हणाल्या, "छप्पर येतं मागाहून. आधी ओटा कुठे ते ठरवावं लागतं."

छप्पर काही आलं नाही. मंदी आली.

मंदी म्हणजे काय ते मला टीव्हीवरून कळलं नाही, लाँचीतून कळलं. आधी सेल्सवाले यायचे बंद झाले. मग सिमेंट यायचं बंद झालं. मग एका सकाळी मुकादमाने यादी वाचली आणि त्यातली माणसं बॅगा घेऊन धक्क्यावर उभी राहिली. जाताना माणसं बोलत नाहीत, हे मी तेव्हा पाहिलं. येताना लाँचीत केवढा गोंगाट असायचा. बिहारचे, राजस्थानचे, नेपाळचे, बांगलादेशचे, सगळ्यांना मीच आणलं होतं आणि मीच पोचवत होतो. मेसचा आचारी जाताना तेलाच्या भरलेल्या डब्यांवर हात ठेवून म्हणाला, "भाई, खराब मत होने देना." दुसऱ्या दोन लाँची विकल्या. त्यांचे चालवणारे गेले. मागे उरलो दोघं, लाँचीवर मी आणि बेटावर पेशावरकडचा खान चौकीदार.

मी स्वभावाने भित्रा. खान निवांत. फोन वाजला की वाटायचं, आता डिसोझासाहेब म्हणणार, यल्ला, खलास, म्हणजे चल, संपलं. हे आमचे सुपरवायझर, मंगळूरचे. तोंडाने तिखट. महिन्याचं पेट्रोल मागायलासुद्धा मी त्यांना फोन करायचं टाळायचो. खान म्हणायचा, "तुम डरता है तो फोन क्या रुक जाएगा? चाय पी." गावाहून भाऊ फोन करायचा, "पेपरात इला, दुबय बुडली म्हणान. तू कधी येतंस?" त्याच्या आवाजात काळजी होती, पण थोडं 'मी सांगी होतंय' असंही होतं. शाळा सोडल्यावर मी जे धरलं ते सुटलं. बर्फाचा कारखाना, गोव्यातलं हॉटेल, भावाच्याच होडीवरची खलाशीगिरी. लाँच हे पहिलं काम, जे मला येतं असं लोक म्हणत होते. घरी बायको होती, मुलगी नुकती बालवाडीत जायला लागली होती. माझा व्हिसा कंपनीचा, आणि कंपनीला माझी गरज लाँचीपुरती. लाँच आहे तोवर मी आहे, एवढा साधा हिशोब.

बेटावर तिसरा माणूस येई तो शुक्रवारी. त्याला सगळे शायबा म्हणत, म्हणजे म्हातारबुवा. इथलाच अरब. पुतण्या त्याला लहान बोटीतून खाडीच्या अंगाला आणून सोडी. काठी टेकत तो चार-पाच जुन्या खजुरांपाशी जाऊन बसे. तिथे वाळूत एक खड्डा होता, त्यातलं पाणी ओंजळीने पिई. गोडं पाणी! खारट समुद्र दोन्हीकडे आणि मधे गोडं. कंबरभर खणलं तर गोडं, हावरटपणा करून आणखी खणलं तर खारं. आमच्या गावीही असंच आहे, असं मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. त्याला हिंदी येत होतं. तरुणपणी गलबतावरून मुंबईला गेला होता, कोकणातल्या बंदरांतून लाकूड आणलं होतं, त्या काळी इथे आपलाच रुपया चालायचा म्हणे. तो याच बेटावर जन्मला. थंडीत इथे झावळ्यांच्या झोपड्या असायच्या, ओहोटीला मासे अडकावेत म्हणून खाडीत काठ्यांचे कोंडवाडे. उन्हाळा आला की बायका-मुलं, शेळ्या घेऊन सगळे आतल्या खजुराच्या बागांकडे जायचे. पुढे तेल निघालं, सरकारने घरं दिली, आणि बेटावर परत कोणी आलं नाही. मी त्याला फार थोडं विचारलं याची मला आता हळहळ वाटते. त्याच्या आईचं नावसुद्धा विचारलं नाही. मला वाटायचं, शुक्रवार काय, येतच राहणार.

आता मुख्य गोष्ट. मंदी सुरू झाली तोच हिवाळा. गुरुवारी डिसोझासाहेबांचा फोन आला. रविवारी, म्हणजे तेव्हा इथे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस, सकाळी कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेची माणसं बेट बघायला येणार. त्यांना बेट ठीक वाटलं तर चौकी आणि लाँच चालू, नाहीतर दोघांची तिकिटं. म्हणाले, "बोट चमकली पाहिजे. आणि तू घाबरल्यासारखा दिसू नकोस."

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, पाटणकरमंडळी यायची होती. प्लॉटवाल्यांना ऑफिसातून पास मिळायचा. व्हिला होणार नाही हे एव्हाना सगळ्यांना कळलेलं, पण वहिनी म्हणाल्या, "प्लॉट तर आहे ना? सहल काढू." तीन कुटुंबं, पातेली, बॅडमिंटन, आणि वहिनींच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. लाँच नेहमी खाडीच्या अंगाला लागते, तिथून प्लॉटपर्यंत वाळू तुडवत जावं लागतं. समुद्राच्या अंगाला कंपनीने सेल्ससाठी अर्धा धक्का बांधला होता. मी म्हटलं, आजी, तुम्हाला थेट किचनच्या दारात उतरवतो.

आणि उतरवलं. लाँच तिथेच बांधली. दोनदा दोर तपासला, तिसऱ्यांदाही तपासला.

चूक अशी की पौष महिना होता. आमच्याकडे पौषात समुद्र तेलासारखा असतो. जेठ-आषाढात खवळतो, तेव्हा होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही, ते अंगातच आहे. इथे सगळं उलटं. उन्हाळ्यात समुद्र उकाड्याने निपचित, आणि थंडीत वायव्येकडून शमाल वारा येतो. शमाल मी मागच्या थंड्यांतही अनुभवला होता, पण खाडीच्या अंगाला, बेटाच्या आडोशाला बसून. तिथे तो नुसता आवाज असतो. हवा पाहायला फोन केला असता तर कोणीही सांगितलं असतं. पण पौषात समुद्राची चौकशी करणारा कोकणी माणूस मला दाखवा.

जेवणं होईपर्यंत आकाश पिवळट झालं. पुलावात वाळू यायला लागली. मी उठून धावलो तोवर समुद्र पांढरा झाला होता. दोर तुटला नाही. दोर चांगला होता. ज्या खुंटाला बांधला होता तो खुंटच धक्क्यातून उपटून आला. धक्का जाहिरातीत पुरा झाला होता, जागेवर नाही. लाँच आडवी झाली, एका लाटेने उचलली, दुसरीने किनाऱ्यावर टाकली. त्या दिवशी अमावस्येचं उधाण. वाळलेलं शेवाळ जिथे पडतं, त्याच्याही वर जाऊन ती बसली.

तळाला खरचटलं होतं, पण भोक नव्हतं. इंजिन मी वर उचलून ठेवलं होतं, ते शाबूत. पण मला कळून चुकलं. उद्यापासून भरती उतरणार. पुढच्या उधाणापर्यंत समुद्र इतका वर येणार नाही, आणि रविवार तर परवाच.

मी लगेच डिसोझासाहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "क्रेनची बार्ज मागितली तर तिकडचे हसतील. त्यांना बंद करायला कारणच पाहिजे. रविवारी सकाळी बोट धक्क्याला असली तर मी काही ऐकलं नाही. नसली तर तुझं आणि खानाचं सामान बांध." फोन ठेवला. खानाला सांगितलं. तो पहिल्यांदाच चहा पी म्हणाला नाही.

तेवढ्यात खजुरांकडून शायबा आला. वाऱ्यात त्याचा पांढरा पायघोळ कंदुरा शिडासारखा फुगला होता. लाँचीभोवती एक फेरी मारली, माझ्याकडे बघितलं आणि काठीने माझ्या पोटरीवर हलकेच मारलं. "हिंदी! ठंडी में इधर कौन बांधता है?" हिंदी म्हणजे हिंदुस्थानी माणूस.

मी म्हटलं, "बाबा, हमारे यहां ठंडी में समुंदर सोता है."

"तो ये तुम्हारा यहां है?" तो म्हणाला आणि मोठ्याने हसला. मला रडू येत होतं आणि हा हसतोय.

मग त्याने काठी समुद्राकडे नाही, खाडीकडे केली. बेटाच्या कमरेपाशी वाळूत एक खोलगट पट्टा होता, या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत. मला वाटायचं कंपनीच्या ट्रकांनी केला असेल. शायबा म्हणाला, ही बोटींची वाट. शमाल आला की त्याचा बाप आणि चुलते बोटी समुद्रावरून खाडीत या वाटेने न्यायचे, वाळूवरून. "समुंदर नहीं देता पानी, तो उधर से लो पानी."

"बाबा, पन माणसं?" मी मराठीतच बोललो, घाईत. त्याला कळलं. तो पाटणकरमंडळींकडे बघायला लागला.

ते तर अडकलेले, थंडीने कुडकुडत होते. शायबाला न्यायला आलेल्या पुतण्याने आपल्या लहान बोटीतून खाडीच्या शांत पाण्याने त्यांना किनाऱ्यावर पोचवायला सुरुवात केली. आधी सासूबाई, मग मुलं. सासूबाई बोटीत बसताना मला म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांपायी झालं रे बाबा हे." मी म्हटलं, आजी, तसं मनातही आणू नका. पाटणकरसाहेब शेवटच्या खेपेला गेले. जाताना विचारलं, "किती माणसं लागतील?" मला वाटलं, सहज विचारतायत. शनिवार म्हणजे सुट्टी, कोण आपली सुट्टी वाळूत घालील?

शनिवारी सकाळी खाडीवर इंजिनाचा आवाज आला. पुतण्याची बोट, मागे आणखी एक, त्याच्या भावांची. उतरले कोण? पाटणकरसाहेब, त्यांच्यामागे मंडळाची माणसं, ट्रॅक पँटी घातलेली. एक बँकेतला, एक शाळेत गणित शिकवणारा, एक जण पाठीला पट्टा बांधून आलेला. "मला ओढायला सांगू नका, मी ओरडायला आलोय." पाटणकरांचा मुलगा म्हणाला, "डॅड, आय हॅव अ टेस्ट टुमॉरो." साहेब म्हणाले, "ही पण टेस्टच आहे, उतर." आणि शेवटी वहिनी, पोह्यांचं पातेलं घेऊन.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"कशाला म्हणजे? माझं किचन आहे ना इथे. बोट गेली तर आम्ही यायचं कसं?"

शायबाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. तो सांगेल तसं चाललं. त्याच्या बापाने खजुराची खोडं वापरली होती, आमच्याकडे कंपनीचं भंगार होतं. शटरिंगचा प्लाय वाळूवर अंथरला, त्यावर परांचीचे पाइप आडवे टाकले आणि पाइपांवर आचाऱ्याचं तेल ओतलं. इंजिन सोडवून खानाने आणि पुतण्यांनी खांद्यावरून नेलं. मग लाँचीला दोर बांधले. मागचा प्लाय उचलून पुढे टाकायचा, मागचा पाइप पुढे आणायचा. गावी होडी ओढताना आम्ही हेच करतो, फक्त फळ्यांवर आणि माशाच्या तेलावर.

पहिल्यांदा ओढली तेव्हा लाँच जागची हलली नाही. सगळे आपापल्या वेळेला जोर लावत होते. पाठीला पट्टा बांधलेल्या गृहस्थांनी खरंच ओरडायला घेतलं, "जोर लगाके!" सगळे, "हैस्सा!" पलीकडून शायबाने खलाशांचा जुना सूर लावला, "याऽ माऽल", त्याचे पुतणे त्याच्या मागून. दोन्ही एकमेकांत मिसळेनात. मग खान चिडला. "एक आदमी बोलो! बाजार है क्या?" तेव्हा शायबाने माझ्याकडे काठी केली. म्हणजे, बोट तुझी, तू बोल.

मी कधी मोठ्या आवाजात कोणाला काही सांगितलेलं नाही. पण होडी ओढताना आमच्याकडे होडीचा प्रमुख, तांडेल, कसा हाक देतो ते ऐकत वाढलोय. डोळे मिटले आणि तशी हाक दिली. काय शब्द होते ते लिहीत नाही, त्यात शब्द फारसे नसतात, लिहिण्यासारखे तर नसतातच. सगळ्यांचे पाय एकदम वाळूत रुतले आणि लाँच एक पाइप पुढे सरकली.

मग ती सरकत राहिली. कमरेच्या उंचवट्यावर प्लाय मोडला, लाँच कलली, गणिताच्या सरांच्या हाताला फोड आले, मधे पोहे झाले, चहा झाला, मुलगा टेस्ट विसरून पाइप पळवायला लागला. वारा अजून समुद्राच्या अंगाने ओरडत होता. उतार लागला तेव्हा उलट मागून धरून ठेवावी लागली. दुपार कलताना लाँचीचं नाक खाडीच्या पाण्यात गेलं, मग ती सगळीच सुटली, आणि दोर धरलेले तिघं जण तोंडावर पाण्यात पडले.

कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नुसतेच वाळूवर आडवे झाले. शायबा खुर्चीतून उठला, पाण्यापर्यंत आला आणि लाँचीच्या कडेला हात लावून परत गेला. त्याच्या वाटेने किती वर्षांनी बोट गेली असेल, ते मी तेव्हा विचारलं नाही.

खानाने आणि मी इंजिन बसवलं. दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. त्याच लाँचीतून सगळ्यांना किनाऱ्यावर पोचवलं. उतरताना प्रत्येक जण माझा हात हातात घेत होता आणि मला "थँक्यू" म्हणत होता. मला! मी नुसता, "सांभाळून, पाय सांभाळून," म्हणत राहिलो.

परतताना लाँचीत मी आणि खान दोघंच होतो, खाडीच्या मधोमध इंजिन बंद केलं आणि डिसोझासाहेबांना फोन लावला. म्हटलं, "सर, बोट पाण्यात आहे."

"कुठल्या पाण्यात?"

"खाडीच्या. आमच्या नेहमीच्या."

मागे त्यांच्या घरी कोणीतरी भांडी घासत होतं. मग नेहमीच्या तिखट आवाजात म्हणाले, "ठीक. उद्या त्या लोकांना आण. आणि ऐक, या महिन्याचं पेट्रोल अजून मागितलं नाहीस तू. किती पाठवू?"

मी बाहीने डोळे पुसायला लागलो. ते "हॅलो, हॅलो" करत राहिले. शेवटी खानाने माझ्या हातातून फोन घेतला, "साहब, वो बाद में बोलेगा," म्हणून बंद केला आणि मला विचारलं, "क्या हुआ? निकाल दिया?"

मी म्हटलं, "नहीं. पेट्रोल कितना भेजूं, पूछता है."

खानाने दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले, हात तोंडावरून फिरवले, आणि मग माझ्यावर डोळे वटारले. "तो रोता क्यूं है? जल्दी बोल, ज़्यादा बोल!"